वन्संचा पेला

“आले का गं?” वन्संनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. दवाखान्यातल्या खाटेवरून, नाकात नळी असताना, फोनवरून विचारलेला. दुसऱ्या कुणी घरचं विचारलं असतं, आईंच्या गोळ्यांचं विचारलं असतं. वन्संनी पेल्याचं विचारलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. खिडकीत त्यांचा स्टीलचा पेला, त्यात फ्रिजमधलं गार पाणी, आणि पेला बाहेरून कोरडा ठणठणीत. मी म्हटलं, नाही आले. “मे महिना हाय. येतील कुठनं...” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी विजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दवाखान्यातून फोन आला, ताई गेली. तेव्हा मी तोच पेला विसळत होते. माझ्या हातून तो पडला वगैरे काही नाही. मी तो नीट विसळला, भरला, खिडकीत ठेवला आणि मग खाली बसून रडले. हा क्रम असाच होता. वन्संबद्दल लिहायचं तर घडलं तसंच लिहावं लागणार, दुसरा इलाज नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हल्ली हे संबोधन मागे पडलंय, पण आमच्या घरात ते अजून आहे. त्यांचं नाव मंदाकिनी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी आमच्यासारखं मराठी. त्या सगळ्या पोरांच्या त्या मंदाबाई. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा वरच्या खोलीत त्या राहायच्या आणि खालच्या स्वयंपाकघरात त्यांचं राज्य होतं. राज्य म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे. स्वयंपाक त्यांना पिठलं-भाताच्या पुढे येत नव्हता. माझ्या रुखवतात आलेला काचेचा सेट महिन्याच्या आत त्यांच्या प्रयोगांना गेला. व्हिनेगर, खायचा सोडा, हळद, मीठ या वस्तू आमच्या घरात कधी पुरल्या नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, वन्सं, हे घर आहे की प्रयोगशाळा? त्या शांतपणे म्हणाल्या, “फरक काय असतो, सांग की.” तिथून आमची मैत्री सुरू झाली असं मी धरते.

पेल्याची गोष्ट मात्र पुढची. साध्या प्रयोगाची गोष्ट आहे, सगळ्यांनी शाळेत केलेल्या. पेल्यात गार पाणी ओता, थोडा वेळ थांबा, पेल्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब येतात. हवेतली वाफ गार होऊन पाणी होते, वगैरे. एका मार्चमध्ये वन्संनी वर्गात हा प्रयोग मांडला. शाळेच्या माठातलं पाणी, स्टीलचा पेला. आता, सोलापूरचा मार्च! हवा अशी, की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळावं तोवर वाळतो. पण पोरांनी वह्यांत लिहिलं, ‘थेंब दिसले’. वन्संनी विचारलं, कुणाकुणाला दिसले? सगळ्या वर्गाने हात वर केले. फक्त मागच्या बाकावरची रुबीना मान खाली घालून बसलेली. वन्संनी तिला उभं केलं, तर ती रडवेली होऊन म्हणाली, “बाई, मला न्हाय दिसले. माझे डोळे बिघडलेत का?”

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसूनच राहिल्या. जेवल्या नाहीत. मी दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. शेवटी म्हणाल्या, मग मी स्वतः पेल्याला हात लावला, शुभा. कोरडा होता. एक पोरगी खरं बोलली आणि तिला वाटलं आपले डोळे गेले. बाकीच्यांनी पुस्तकात होतं ते पाहिलं. आणि ‘थेंब दिसले’ असं लिहिणाऱ्यांना इतकी वर्षं मार्क कोण देत होतं, तर मी... त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना इतकं अस्वस्थ त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी पोरांची माफी मागितली आणि रुबीनाला आपल्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवसापासून आमच्या खिडकीत रोज सकाळी तो पेला भरून ठेवायची रीत पडली. देवाला फूल वाहावं तसा रोजचा नेम. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आधी हसायच्या, मग चिडायच्या. इथं चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं आणि ही बया एक पेला पाणी खिडकीत नुसतं बघायला ठेवते, असं शेजारणींना सांगायच्या. पाणी नंतर तुळशीलाच जायचं, पण ते त्या सांगायच्या नाहीत.

साथीच्या दिवसांत शाळा बंद पडून सगळी शिकवणी फोनवर आली, त्या काळात वन्संनी चॅनल काढला. तोवर इंटरनेटवर मुलांसाठी विज्ञानाचे ढीगभर व्हिडिओ होते आणि वन्संनी ते बसून पाहिले होते. चांगले आहेत की, म्हणायच्या, पण या सगळ्यांचे प्रयोग पहिल्या दमात कसे काय जमतात? आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाचा फुगा धरत नाही, आमच्याकडे मे महिन्यात उभी मेणबत्ती मान टाकते, हे यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर शूटिंग सुरू झालं. पडदा म्हणून मागे चादर आणि कॅमेऱ्याला मी. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याची नोकरी करणारी बाई मी, माझा हात हलायचा. सुरुवातीच्या व्हिडिओंत तर भूकंप शिकवताहेत असंच वाटतं.

नियम दोनच होते. एक, प्रयोग फसला तरी कापायचा नाही. दोन, उत्तर लगेच सांगायचं नाही. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी वन्सं कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून म्हणायच्या, “घरी करून बघा आणि कळवा. पुस्तकातलं नको. दिसलं तेच सांगायचं.” आठवडाभराने, मुलांनी कळवलेलं सगळं वाचून दाखवत, दुसरा व्हिडिओ यायचा आणि त्यात मग कारणाची चर्चा. लोक वैतागायचे. ‘मॅडम, उत्तर सांगा, उद्या पेपर आहे’ असं कुणी ना कुणी लिहायचंच. एका पालकाने तर ‘तुम्हालाच उत्तर येत नसेल’ असंही लिहिलं. मी तावातावाने उत्तर द्यायला निघाले, तर वन्सं म्हणाल्या, काही वेळा खरंच येत नसतं, त्यांचं काय चुकलं?

पेल्याचा व्हिडिओ अर्थातच झाला. सोलापूरच्या पोरांनी कळवलं, थेंब आले नाहीत. कोकणातल्या एका मुलीने कळवलं, थेंब आले आणि खालचं टेबलही ओलं झालं. आणि अकलूजच्या एका मुलाने कळवलं, आमच्याकडे लई आले. झालं. सोलापूरची पोरं त्याच्यावर तुटून पडली. अकलूज काय कोकणात आहे का, आपल्याच जिल्ह्यातलं गाव, तिथे येतात आणि इथे नाहीत, हा खोटारडा आहे, थापाड्या आहे. वन्संना ते वाचून फार लागलं. त्यांनी चॅनलवर लिहिलं, त्याने दिसलं ते सांगितलंय, का दिसलं ते शोधायचं काम आपलं. आणि मला म्हणाल्या, रविवारी सुट्टी हाय ना तुला?

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. फ्रिजमधल्या एकाच भांड्यातलं पाणी दोन थर्मासांत भरलं. एक थर्मास आणि एक पेला घेऊन आम्ही दोघी एसटीने अकलूजला, आणि तसलाच दुसरा थर्मास आणि जुळा पेला घेऊन विजय आमच्या गच्चीवर. त्याला सक्त ताकीद होती, पेल्याला बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. त्या मुलाच्या वडिलांनी आम्हाला त्यांच्या शेतात नेलं. चहूकडे उभा ऊस, त्याच दिवशी पाणी सोडलेलं, बांधावर पाय ठेवला तर चप्पल रुतत होती. वन्संनी बांधावर पदर खोचून बसकण मारली, पेला भरला आणि आम्ही सगळे, त्या घरची म्हातारी माणसंसुद्धा, त्या पेल्याकडे टक लावून बसलो. तेवढ्यात गच्चीवरून विजयचा फोन. एक थेंब आलाय बहुतेक, म्हणतो. वन्सं म्हणाल्या, बहुतेक म्हणजे काय? आला की नाही? मग तिकडून कबुली आली, की तो त्याच्याच कपाळाचा घाम होता. आम्ही हसतोय तोवर इकडे पेला आधी धुरकट झाला, मग त्यावर बारीक बारीक थेंब उमटले आणि एक थेंब हळूच ओघळून खाली गेला. वन्संनी काय केलं, तर त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “हा खरं बोलला होता.” बास. उसाच्या पानांतून आणि ओल्या रानातून हवेत ओल जाते, ती इथे पेल्याला भेटली आणि सोलापूरच्या गच्चीवर भेटली नाही, हे सगळं स्पष्टीकरण पुढच्या आठवड्यात आलं. पण त्या व्हिडिओत लोकांना आवडलं ते हे वाक्य. परतताना एसटीत माझ्या मनात एकच होतं, की ही बाई माझी नणंद आहे. अभिमान वाटला म्हणणं कमी पडेल. माझी कॉलर, म्हणजे माझा पदर, पार टेंभुर्णीपर्यंत ताठ होता.

टेंभुर्णीवरून आणखी एकदा गेलो, त्या वेळचं परतणं निराळं होतं. राज्यभरातल्या शाळांना पाठवायला चांगले व्हिडिओ निवडायचं काम पुण्यात एका समितीकडे होतं. वन्संना बोलावणं आलं. वन्संना अशा मानसन्मानाचं काही नसायचं, पण या एका गोष्टीची त्यांना मनापासून इच्छा होती. खेड्यापाड्यांतल्या शाळांत आपलं काम पोचावं, ज्या वर्गात एखादी रुबीना मान खाली घालून बसली असेल तिथे पोचावं, असं त्या आदल्या रात्री मला म्हणाल्या होत्या. समितीतली माणसं भली होती. त्यांनी पेल्याच्या व्हिडिओचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग म्हणाले, फक्त थेंब येत नाहीत तो सुरुवातीचा भाग काढा, अकलूजचा ठेवा, आणि उत्तर आधीच सांगून टाका. मुलांचा गोंधळ उडतो, शिक्षकांकडे तेवढा वेळ नसतो. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, असंही म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, पण हे मला जमणार नाही.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, वन्सं, थोडंसंच तर कापायचं होतं, लाखो पोरांपर्यंत गेलं असतं. त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “लाखो पोरांना परत तेच शिकवू का, शुभा? पेला कोरडा असला तरी हात वर करायचा?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही. निवडले गेलेले व्हिडिओ नंतर त्यांनी सगळे पाहिले आणि आपल्या चॅनलवर त्यांची नावं देऊन, हेही बघा पोरांनो, असं लिहिलं. मी असते तर नसतं लिहिलं, एवढं खरं.

आता दहाव्याचं सांगते. त्यासाठी आधी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दहाव्याचं सांगायला हवं. त्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं आपल्यात मानतात. ऊन डोक्यावर आलं, माणसं कंटाळली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि घरी येऊन आईंना सांगितलं, शिवला, लगेच शिवला. वन्सं तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण पुढे एकदा, हसत हसतच, आम्हा दोघांना म्हणाल्या होत्या, “माझं काय करायचं ते आईच्या मनासारखं करा. पण कावळा आला न्हाई, तर आला म्हनू नका.”

वन्संच्या दहाव्याला मी घाटावर गेले. रुबीनाही आली होती. ती आता अक्कलकोटकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पिंड ठेवला. समोरच्या कडुलिंबावर कावळे होते, चांगले चार-पाच. खाली यायचं नाव नाही. मग सुरू झाली मनधरणी. विजयने हात जोडून सांगितलं, ताई, चॅनल बंद पडू देणार नाही. रुबीना पुढे झाली आणि म्हणाली, बाई, मी आहे, मी बघते. कावळे एकमेकांकडे बघत बसले. विजयचे काका, बापूकाका, जबाबदार माणूस, ते शेवटी म्हणाले, दर्भाचा करा आणि मोकळे व्हा. भटजींनी केला. निघताना काकांनी सगळ्यांना बजावलं, “घरी शिवला म्हनून सांगा. म्हातारीच्या जिवाला घोर नको.” त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लेक आधी गेलेली, आईंचं वय झालेलं. मीही रिक्षात बसून हाच विचार करत होते, की एक शब्द तर बोलायचा आहे...

आई दारातच बसल्या होत्या. हल्ली त्यांना नीटसं दिसत नाही, पण पायांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. “शिवला का रं?” त्यांनी विचारलं. विजय खाली बघायला लागला. बापूकाकांनी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून आधी निघून गेलं, “नाही शिवला, आई.”

बापूकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. आई हळू आवाजात म्हणाल्या, “मंग तिचं काय ऱ्हायलं आसंल गं?” मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, “ते मला माहीत नाही, आई. कावळे झाडावर बसले होते. खाली आले नाहीत. तेवढंच दिसलं.”

आईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “ह्यांच्या वेळंला समदी म्हनली, शिवला. पर बोलताना एकाचाबी आवाज सरळ न्हवता. इतकी वरसं मी इचार करतीया, शिवला का न्हाई शिवला... कुनाला इचारावं? लेकीचं तरी आज नक्की कळलं.” मग डोळ्यांना पदर लावून चांगल्या रडल्या, मनसोक्त. आम्ही सगळेच रडलो. बापूकाकाही. रडून झाल्यावर आईंनी नाक पुसलं आणि विचारलं, “तिचा प्याला ठिवला का आज?”

गडबडीत मी विसरले होते. उठून भरला आणि ठेवला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. चॅनल रुबीना बघते. परवा तिचा एक प्रयोग साफ फसला आणि तिने तो तसाच टाकला, बाईंच्या चादरीसमोर उभं राहून. मुलांचे निरोप अजून वन्संच्या फोनवर येतात, मी ते तिच्याकडे पाठवते. आणि खिडकीतल्या पेल्याची रखवालदार आता आई झाल्या आहेत. सकाळी मी पेला भरला की त्या खुर्ची ओढून खिडकीशी बसतात. मे संपला, आभाळ आलं, हवा बदलली. आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. पेल्यावर थेंब धरलेले मला लांबूनच दिसले आणि मी आनंदाने सांगायला गेले, आई, आले! त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “थांब की जरा. बघते,” म्हणाल्या, आणि हात पुढे करून चाचपडत पेल्यावरून एक बोट फिरवलं, वरून खालपर्यंत. मग ते ओलं बोट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “व्हय. आलेत.”